ज्वारीच्या वहीतला तिसरा रकाना



पोळा झाला, गौरी-गणपती उरकले. आता घराघरात एकच विषय निघतो, रब्बीला रानात काय करायचं? कुणी म्हणतं कांदा, कुणी म्हणतं हरभरा, आणि ज्वारीचं नाव निघालं की ठरलेलं वाक्य येतं, "ज्वारी परवडत नाही. खायापुरती करू दोन पांड."

मी बचत गटांच्या बैठकांना जाते तेव्हा हे वाक्य प्रत्येक गावात ऐकते. जामखेडला ऐकते, कर्जतला ऐकते, पाथर्डी-शेवगावला ऐकते. म्हणजे जिथली ज्वारी जिल्ह्याला पोसते तिथंच. मग मी विचारते, परवडत नाही हे कशावरून? वही आहे का? वही कुठंच नसते. गटाची बचत आपण रुपया-रुपयाने लिहितो, कर्जाचा हप्ता एक दिवस चुकला तर बैठकीत विचारणा होते, आणि एकरभर रानाचा हिशेब मात्र तोंडी. आज मी ज्वारीचा हिशेब मांडणार आहे. वहीत तीन रकाने पाडा. पहिला खर्चाचा, दुसरा उत्पन्नाचा. तिसरा कशाचा ते सांगते पुढं.

एक एकर धरू. मध्यम जमीन, कोरडवाहू, पाऊस बरा. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या गावचे दर वेगळे असतील, तुम्ही तुमचे भरा. मशागत, वाफे बांधणं आणि पेरणी मिळून समजा ५,००० रुपये. बियाणं चार किलो आणि त्याला चोळायचं औषध, ५०० रुपये. खताचे १,०००. कोळपणी-खुरपणीला दहा दिवस, ३५० रुपये रोजानं ३,५००. काढणी, पेंढ्या बांधणं, कणसं मोडणं यांना सोळा दिवस, ५,६००. मळणी यंत्राचे १,४००. बेरीज करा. १७,००० रुपये.

आता दुसरा रकाना. सात क्विंटल दाणा झाला असं समजू. केंद्र सरकारनं २०२५-२६ साठी मालदांडी ज्वारीचा हमीभाव ३,७४९ रुपये क्विंटल जाहीर केला. बाजारात तेवढाच मिळेल असं नाही. पांढऱ्याशुभ्र मोत्यासारख्या मालदांडीला जास्तही मिळतो, अवकाळीनं काळवंडलेल्या दाण्याला कमी मिळतो. आपण हमीभावच धरू. सात क्विंटलचे साधारण २६,००० झाले. खर्च वजा केला की हातात ९,०००. चार महिने राबून नऊ हजार! म्हणूनच लोक म्हणतात परवडत नाही.

पण थांबा. रानात अजून काहीतरी उभं आहे की! कडबा लिहिलाच नाही आपण. सातशे पेंढ्या धरा, पेंढी वीस रुपयांनी १४,०००. घरच्या गाईला घातला म्हणून तो फुकट होत नाही. तो नसता तर विकत आणावा लागला असता. म्हणजे उत्पन्न झालं ४०,००० आणि शिल्लक २३,०००. ज्वारी हे एका खर्चात दोन पिकं देणारं पीक आहे, आणि आपण हिशेब एकाच पिकाचा करतो.

आणि वाईट साल आलं तर? तेच तर खरं बघायचं. आपल्या जिल्ह्यात चांगल्या सालाचा हिशेब कुणीही करेल. समजा तीनच क्विंटल दाणा झाला, पेंढ्या साडेतीनशे. दाण्याचे ११,००० होतात. पण पाऊस नसला की चाऱ्याला सोन्याचा भाव येतो, पेंढी पस्तीसनं गेली तरी कडब्याचे १२,००० होतात. काढणी-मळणीचं काम कमी झालेलं, म्हणून खर्च १५,००० धरला, तरी आठ हजार उरतात. दाणा अर्ध्याहून खाली आला आणि तरीही घर बुडालं नाही. २०१२-१३ ला आणि परत २०१८-१९ ला आपल्याकडं चारा छावण्या लागल्या होत्या. तुमच्यातल्या कितीतरी जणी जनावरांबरोबर छावणीत राहिल्या असतील. त्या वेळी ज्यांच्या दारात जुन्या कडब्याची गंज होती, त्यांची जनावरं दावणीला राहिली. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या आपल्या सासवा गंजीला उगीच हात लावू देत नाहीत, त्याचं कारण हे.

कांद्याला मी नावं ठेवत नाही. विहिरीला पाणी आहे, हाताशी पैसा आहे, त्यांनी जरूर करावा. पण कांद्याला रोप, लागण, खुरपणी, फवारण्या, काढणी, गोणी, गाडीभाडं, सगळा पैसा आधी घालावा लागतो, आणि तो बहुतेक वेळा आपल्या गटातूनच कर्जानं उचललेला असतो. भाव मात्र नेप्तीच्या किंवा घोडेगावच्या बाजारात गेल्यावर कळतो. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी झाली, ती ४ मे २०२४ ला उठली. त्या मधल्या काळात ज्यांचा माल निघाला, त्यांच्या घरातल्या बायकांना विचारा हप्ते कसे फेडले ते. माझं म्हणणं एवढंच, दोन एकर असेल तर दोन्ही एकर जुगारावर लावू नका. हिवरे बाजारला ग्रामसभेत दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात, पाऊस किती पडला, जमिनीत पाणी किती आहे, त्यावरून कुठलं पीक घ्यायचं ते ठरतं. तिथं ऊस-केळीला आणि शेतीसाठी बोअर पाडायला गावानंच मनाई केली. पाणी मोजून पीक निवडायचं, ही रीत आपल्याच जिल्ह्यानं राज्याला दाखवली. ज्वारी त्या रीतीत बरोबर बसते.

आता पीक नीट कसं काढायचं ते बघू, कारण सात क्विंटल आपोआप येत नाहीत.

पहिली गोष्ट, जमीन किती खोल आहे ते बघा. रानात कुदळीनं खड्डा घ्या. फूटभर खाली मुरूम लागला तर ती हलकी जमीन, दोन फुटांपर्यंत माती असेल तर मध्यम, त्याहून जास्त तर भारी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं याच खोलीवरून वाण सांगितलेले आहेत. हलक्या रानात फुले अनुराधा किंवा फुले माउली, ही लवकर निघतात, ओल संपायच्या आत दाणा भरतो. मध्यम रानात फुले सुचित्रा किंवा आपली जुनी मालदांडी ३५-१. भारी रानात फुले वसुधा, फुले यशोदा. पाण्याची सोय असेल तर फुले रेवती. भारी जमिनीचा वाण मुरमाड रानात पेरला तर तो उंच वाढतो, ओल पिऊन टाकतो, आणि ऐन दाणे भरायच्या वेळी कोरडा पडतो. मग म्हणायचं बियाणं खोटं निघालं!

मालदांडीचा एक मान आहे. सोलापूर जिल्ह्यात मोहोळला स्वातंत्र्याआधी, १९३० च्या दशकात हा वाण निवडला गेला, आणि अजून भाकरीच्या चवीला लोक त्याचंच नाव घेतात. कडबा गोड, जनावर शेंड्यापासून बुडख्यापर्यंत खातं. नवे वाण दाणा जास्त देतात हे खरं. पण घरी खायला वेगळं आणि विकायला वेगळं असं करणाऱ्या बायका मला जास्त शहाण्या वाटतात.

हे सगळे सरळ वाण आहेत, संकरित नाहीत. म्हणजे बियाणं दरवर्षी विकत घ्यायची गरज नाही, तीन-चार वर्षं घरचं चालतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, ती देशी बियाणं राखल्याबद्दल. त्या तुमच्या-माझ्यासारख्याच बचत गटातल्या बाई. बियाणं राखणं हे बाईचं काम होतंच. कणगीत राखेत मिसळून, कडुनिंबाचा पाला घालून ठेवायच्या आपल्या आज्या. फक्त उभ्या पिकातनं निवड करायची. रोग नसलेलं, टपोरं, भरगच्च कणीस पीक रानात उभं असतानाच चिंधी बांधून ठेवायचं, आणि त्याची मळणी वेगळी.

दुसरी गोष्ट ओल. आपल्याकडं वर्षाचा पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातही पूर्वेकडच्या तालुक्यांत उत्तरा आणि हस्ताच्या पावसावरच रब्बी उभी राहते. तो पाऊस रानाबाहेर गेला तर गेला. म्हणून पेरणीआधी, पावसाळ्यातच, रानात दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद असे वाफे बांधून घ्यायचे, साधारण तीस-पस्तीस फुटांचे चौकोन. पडलेलं पाणी जागच्या जागी मुरतं. पेरणीच्या वेळी वाफे मोडून पेरायचं. ज्यांनी या पावसाळ्यात केले नाहीत, त्यांनी निदान उतार आडवा धरून पेरावं.

पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. उशीर झाला की दोन नुकसानं एकदम होतात. ओल खाली जाते आणि खोडमाशी वाढते. पोंगा सुकून जातो, ओढला की हातात येतो, ती खोडमाशी. बियाण्याला किलोला चार ग्रॅम गंधक चोळा, म्हणजे काणी येत नाही. काणी म्हणजे दाण्याच्या जागी काळी भुकटी. चार किलोला सोळा ग्रॅम गंधक लागतं, त्याला पैसे ते किती! पण तेवढं न केल्यानं अख्खी कणसं काळी झालेली मी पाहिली आहेत. नंतर ॲझोटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणारं जिवाणू खत, दोन्ही किलोला पंचवीस ग्रॅम, गुळाच्या पाण्यात कालवून लावायचं आणि सावलीत सुकवायचं. आधी गंधक, मग जिवाणू, हा क्रम उलटा करू नका. दोन ओळींत दीड फूट, दोन रोपांत वीतभर अंतर. दोन चाड्यांची पाभर मिळाली तर बियाणं आणि खत एकदमच पडतं. कोरडवाहू मध्यम रानाला एकरी एक पोतं सिंगल सुपर फॉस्फेट आणि पस्तीस किलो युरिया पुरे, आणि तो सगळा पेरतानाच द्यायचा. नंतर कोरड्या रानात वरून फेकलेला युरिया पिकाला मिळत नाही, वाऱ्याला मिळतो.

कोळपणीबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण इथंच बायका आणि मालक यांचं भांडण होतं. तण दिसत नाही मग कशाला कोळपायचं, असं मालक म्हणतात. कोळपणी फक्त तणासाठी नसतेच. आपलं काळं रान सुकलं की भेगाळतं, आणि प्रत्येक भेगेतनं आतली ओल उडते, झाकण नसलेल्या हंड्यातलं पाणी आटावं तशी. कोळप्यानं वरची माती भुसभुशीत केली की भेग बुजते, झाकण बसतं. विद्यापीठाची शिफारस तीन कोळपण्यांची आहे. तीन आठवड्यांनी फटीच्या कोळप्यानं, पाच आठवड्यांनी पासेच्या कोळप्यानं, आठ आठवड्यांनी दातेरी कोळप्यानं. तिसरी बहुतेक जण चुकवतात आणि तीच सगळ्यात मोलाची, कारण तेव्हा पीक पोटरीतनं निसवायला लागलेलं असतं. तुरीच्या काड्या, वाळलं गवत, काडीकचरा असेल तर पाचव्या आठवड्यात ओळींमध्ये अंथरा. शेततळ्यातलं एकच पाणी द्यायची सोय असेल तर ते पोटरीत असताना, पन्नास-पंचावन्न दिवसांनी द्या. फुलोऱ्यानंतर ओल फार तुटली की खडखड्या येतो, ताट आतून काळं पोकळ होतं आणि आडवं पडतं. दाणाही जातो, कडबाही जातो.

एक सावधगिरी. कोवळी ज्वारी, विशेषतः ताण पडलेली, जनावरांनी खाल्ली तर बाधते. किराळ लागते म्हणतो आपण, ती. शेळ्या राखणाऱ्या पोरांना हे सांगून ठेवा. फुलोरा आल्यावर तो धोका कमी होत जातो.

आता तिसरा रकाना.

मघाच्या हिशेबात कोळपणी-खुरपणीचे दहा आणि काढणीचे सोळा, असे सव्वीस दिवस होते. त्यांचे ९,१०० रुपये धरले. पण घरोघरी खरं काय होतं? ते सव्वीस दिवस बहुतेक आपलेच असतात, नाहीतर आपल्या जावेचे, सासूबाईंचे. त्यांना रोज दिला जात नाही, म्हणून ते कुणी लिहीत नाही. मग खर्च दिसतो ७,९०० आणि नफा दिसतो ३२,१०० रुपये. तो सगळा नफा नाही. त्यातले ९,१०० आपली मजुरी आहे. आणि यात पाखरं राखणं धरलेलंच नाही. दाणा दुधात आला की दिवस उगवायच्या आधी गोफण घेऊन माळ्यावर कोण उभं राहतं? तिसऱ्या रकान्यात हे दिवस लिहायचे. रोज संध्याकाळी, कुणी किती काम केलं, एवढंच. रुपये नंतर मांडता येतात.

हे लिहिल्यानं काय होतं ते सांगते. आमच्या एका गटात एका वहिनींनी मागच्या हंगामात असे दिवस लिहिले, आणि मळणी झाल्यावर वही मालकांपुढं ठेवली. भांडण नाही, काही नाही. त्यांनी एवढंच म्हटलं की कडबा विकून येतील ते पैसे माझ्या खात्यावर भरा, माझे दिवस त्यात बसतात. मालक दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, पासबुक कुठंय? प्रत्येक घरात असं होईल असं मी म्हणत नाही. काही घरांत वही चुलीतसुद्धा जाईल. पण तोंडी बोलून जे कधीच पटलं नसतं, ते आकड्यांनी काही ठिकाणी पटलं आहे.

ज्वारी सोडून देण्याचं खरं कारण भावापेक्षा काढणी आहे, असं मला वाटतं. मजूर मिळत नाहीत. ताट उपटायचं, हात सोलपटतात, कंबर धरते, अंगाला कूस लागते. सोयाबीनसारखं यंत्र फिरवून मोकळं होता येत नाही, कारण कडबा अख्खा पाहिजे. याला मला दिसलेला उपाय जुनाच आहे, सावड. आमच्याकडं आठ जणींनी दोन हंगाम सावड धरली. आज हिचं रान, उद्या तिचं. कुणाचे किती दिवस झाले ते गटाच्या वहीत, हंगाम संपल्यावर ज्यांचे दिवस जास्त भरले त्यांना बाकीच्यांनी रोजानं पैसे द्यायचे, नाहीतर पायलीनं ज्वारी. आधी ठरलेलं असलं की रुसवेफुगवे कमी होतात. पूर्ण थांबत नाहीत, ते खोटं कशाला सांगू! कुणाचं रान आधी काढायचं यावरून होतातच. आम्ही चिठ्ठ्या टाकतो. सगळ्यांसाठी हातमोजे गटानं एकदम आणले, तो खर्च सगळ्यात सत्कारणी लागला.

कडब्याचंही गटानंच करता येईल असं एक आहे, ते म्हणजे कडबाकुट्टीचं यंत्र. अख्खी पेंढी टाकली की जनावर पाला खातं आणि बुडखं तुडवतं. कुट्टी केली की गव्हाण साफ होते. दहा घरांत एक यंत्र पुरतं.

दाणा विकण्याबद्दल थोडंच सांगते, त्यावर पुढं वेगळं बोलू. ताशी सगळी ज्वारी पोत्यात भरून मळणीच्या आठवड्यातच विकली की भाव पडलेलाच मिळतो. थोडी ठेवा. २०२३ हे साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं, तेव्हापासून शहरात ज्वारी मागणारी गिऱ्हाइकं वाढली आहेत. सोलापूरच्या कडक भाकरी कुठं कुठं जातात बघा. ज्यांचं रान रस्त्याकडेला आहे त्यांनी पाच-दहा गुंठे हुरड्याला ठेवायला हरकत नाही, गुळभेंडी किंवा फुले मधुर पेरून. हुरडा कणसावर विकला जातो, कडबा उरतोच, आणि तो हिरवा असतो. पण हुरड्याचा हंगाम तीन-चार आठवड्यांचा. गिऱ्हाईक आधी ठरवा, मग पेरा.

आता आजच्या आज करायचं काम. घरचं बियाणं असेल तर त्यातले शंभर दाणे मोजून घ्या. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळा, सावलीत ठेवा आणि ओलं राखा. आठवड्यानं उघडून मोडलेले दाणे मोजा. पंचाहत्तर किंवा जास्त उगवले तर तेच पेरा. कमी उगवले तर राहुरीला विद्यापीठात किंवा तालुक्याच्या कृषी कार्यालयात विचारून वाणाचं नाव सांगून बियाणं घ्या, आणि पावती वहीच्या पहिल्या पानाला टाचा. पुढच्या बैठकीला येताना वही आणि गोणपाटाचा आकडा दोन्ही घेऊन या. सावडीच्या चिठ्ठ्या आपण तेव्हाच टाकू.